उजवी खुर्ची

तोर्नागीच्या कारखान्यात लढाईआधी खुर्च्या आणि कपाटं बनत. लढाईत दारूगोळ्याच्या पेट्या बनल्या. लढाई संपली तेव्हा तोर्नागीला वाटलं, आता विमान बनवावं. लाकूड तेच, सुतार तेच, सरस तोच. मग विमान म्हणजे काय, पंख लावलेलं कपाटच की, असं तो पाहुण्यांना सांगायचा आणि स्वतःच हसायचा. त्याला सगळे कोमेंदातोरे म्हणत. ही पदवी राजानं दिलेली. राजा वर्षापूर्वी देश सोडून गेला, राज्य गेलं, पण तोर्नागीच्या दारावरच्या पितळी पाटीवरची पदवी रोज सकाळी लिंबू लावून घासली जात होती.

विमान दोन माणसांचं होतं. शेजारीशेजारी दोन खुर्च्या, दोन्हींपुढे सारखेच दांडे. डावीकडच्यानं शिकायचं, उजवीकडच्यानं शिकवायचं. शिकवणं नसेल तेव्हा उजवीकडे बायकोला बसवून समुद्रावर फिरायला जायचं. ज्या देशात पाव अजून शिधापत्रिकेवर मिळत होता, त्या देशात बायकोला विमानातून समुद्रावर कोण नेणार, हे कोणी विचारलं नाही. विचारणाऱ्याला कोमेंदातोरे ‘दूरदृष्टी नसलेला’ म्हणत, आणि दूरदृष्टी नसलेल्यांना त्यांच्याकडे फार दिवस काम नसे.

या विमानाच्या पंखांवर कापड चढवायचं काम अकरा बायका करत. एर्सीलिया त्यांची मुकादम. वय सत्तेचाळीस, हाताची बोटं भाताच्या शेतातल्या पाण्यानं तरुणपणीच वाकडी झालेली, पण सुई धरली की सरळ. कापड पंखाच्या लाकडी फासळ्यांना शिवायचं, वरून उग्र वासाचं रोगण मारायचं, ते वाळलं की कापड ढोलकीसारखं ताठ. तिची शिवण उसवायची तर कात्री लागे, ओढून ती उसवत नसे. आणि हे विमान उडवून बघायचं काम होतं देल्मोचं. देल्मो तिचा धाकटा भाऊ. आई गेली तेव्हा तो सहा वर्षांचा होता, तिनंच वाढवलेला. लढाईत तो विमानातून पडला, कैदेत गेला, तीन वर्षांनी हाडं घेऊन परत आला. तिला दुसरं कोणी नव्हतं. त्यालाही नव्हतं, पण तो ते कबूल करत नसे.

विमानाचा आराखडा इंजिनिअर बेलिन्झागीचा. हा मिलानहून आलेला, पांढरा डगला, वरच्या खिशात चार पेन्सिली, चारही टोक काढलेल्या. त्यानं आयुष्यात कधी विमानात पाय ठेवला नव्हता. याचा त्याला अभिमान होता. “जो आत बसतो त्याला फक्त गोंगाट ऐकू येतो,” तो म्हणायचा. “विमान कळतं ते कागदावर.”

कागदावर विमान भरल्या वजनानं सुद्धा कारखान्यामागच्या गवताळ मैदानातून उठत होतं आणि टोकाला असलेल्या पॉपलरच्या उंच झाडांच्या रांगेवरून आरामात जात होतं. मैदानावर मात्र ते चारशे मीटर धावायचं, दमलेल्या गाईसारखं चाकं उचलायचं, आणि झाडं अंगावर आली की देल्मो इंजिन बंद करून खाली टेकवायचा. उजव्या खुर्चीत माणसाऐवजी वजन ठेवत आणि मागे सामानाच्या जागी आणखी थोडं. आधी वाळूची पोती होती. इंजिनिअरनं फर्मान काढलं की या मुलखातल्या धुक्यानं वाळू ओल धरते, वजन बदलतं, शास्त्राला बाध येतो. कोमेंदातोरेंची भाताची गिरणी कारखान्याला लागूनच होती. तिथून सील लावलेलं ऐंशी किलोचं एक पोतं आणि चाळीस किलोचं एक आणलं.

“तांदूळ बसेल, उडेल, उतरेल आणि परत गिरणीत जाईल,” कोमेंदातोरे म्हणाले. “याला म्हणतात डोकं!”

डोकं खरंच मोठं होतं. बाहेर शेतात पाण्यात उभं राहून तण काढणाऱ्या बाईला दिवसाला एक किलो तांदूळ मिळायचा, तसा तिचा ठरावच होता. कारखान्यात शिवणाऱ्या बाईला तांदळाचा दाणा मिळत नसे. तिला ‘उद्योगातली नोकरी’ मिळत असे. अशा अकरा बायकांच्या खोलीत, कारण कारखान्यात तेवढी एकच खोली कोरडी आणि उबदार होती, एकशेवीस किलो तांदूळ ठेवला. राखणीला कोण? तर पोत्याच्या तोंडावरचा शिशाचा बिल्ला.

त्या अकरांतल्या नोर्माचा नवरा रशियातल्या लढाईतून आला नव्हता, आणि आता येईल असं तिच्याशिवाय कोणालाच वाटत नव्हतं. घरी तीन पोरं. एका दुपारी एर्सीलियानं पाहिलं, नोर्मा पोत्याच्या बाजूची शिवण चार टाके उसवून एप्रनच्या खिशात तांदूळ ओतून घेत होती. नोर्मा गोठून उभी राहिली.

एर्सीलियानं जवळ जाऊन टाके बघितले. “परत घालशील तेव्हा शिवण सरळ घाल,” ती म्हणाली. “वाकडी माझ्या खोलीत चालत नाही.”

त्यानंतर पाळ्या लागल्या. प्रत्येकीला आठवड्यात एकदा अर्धा किलो. पोत्याचं पोट खपाटीला जाऊ नये म्हणून गिरणीमागच्या ढिगातलं भाताचं तूस आत भरायचं. सील जिथल्या तिथे, पोतं जसंच्या तसं गुबगुबीत, वजन मात्र दर आठवड्याला उतरत चाललेलं. आणि त्याच बेताला इंजिनिअर बेलिन्झागीनं विमानाच्या नाकावरच्या लाकडी पंख्याला रंधा मारायला सुरुवात केली. दर सोमवारी तो सुताराकडून पंख्याच्या पात्याचा केसभर भाग काढून घ्यायचा, आणि दर गुरुवारी विमान आधीपेक्षा लवकर उठायचं. चारशेचे तीनशे सत्तर. मग तीनशे चाळीस. मेच्या शेवटी विमान तीनशे मीटरच्या आत उठलं आणि झाडांवरून गेलं. इंजिनिअरनं भिंतीवर तक्ता लावला. त्यावर लाल रेघ अशी सुंदर उतरत होती की तिच्यापुढे उभा राहून तो डबा खायचा.

“रंधा!” तो सगळ्यांना सांगायचा. “जगात कोणाला हे सुचलं नाही. मी यावर लेख लिहितोय.”

“लिहा ना, साहेब,” बायका म्हणायच्या. “आणखी थोडा रंधा मारा.” आणि तो पाठमोरा झाला की तोंडात कापडाचे बोळे घालून हसायच्या. नोर्मा तर म्हणायची, “याला सांगा गं कोणीतरी, आमच्या घरी पाच माणसं वाढली तर विमान चंद्रावर जाईल.”

देल्मोला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं. ज्याच्या हातात दांडा असतो त्याला मागचं शेपूट हलकं झालेलं कळणार नाही तर काय.

“एर्सी, पोत्यात काय आहे गं?” त्यानं एकदा कालव्याच्या काठी जेवताना विचारलं.

“तांदूळ.”

“किती?”

“तुझ्या ताटात आहे तितका कमी.”

त्यानं ताटाकडे बघितलं, मग तिच्याकडे. “मग आणखी वाढ,” तो म्हणाला. “माझं काय, हलकं विमान मला बरंच.”

त्या दिवशी दोघांनाही हा विनोद पुरला.

जूनमध्ये रोमहून पत्र आलं. सरकारी तपासनीस येणार, विमानाला शिकवण्यासाठी आणि फिरण्यासाठी परवाना द्यायचा की नाही ते ठरवणार. कोमेंदातोरेंनी शिवणाच्या खोलीत येऊन सगळ्यांना पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. तपासनीस साहेबांची पद्धत अशी की ते पोत्यांवर विश्वास ठेवत नाहीत, स्वतः उजव्या खुर्चीत बसतात.

“कसा माणूस आहे?” देल्मोनं विचारलं.

“थोर माणूस,” कोमेंदातोरे म्हणाले. “लढाईआधी मी त्यांच्याबरोबर जेवलोय. एकशेबारा किलो. तीन वाट्या रिसोतोचा भात खाऊन चौथी मागितली.”

शिवणाच्या खोलीतलं हसणं त्या क्षणी थांबलं. एर्सीलियानं मनातल्या मनात पोती मांडली. उरलेला तांदूळ जेमतेम निम्मा. उजव्या खुर्चीत एकशेबारा किलोचा माणूस, मागे तुसानं भरलेलं लहान पोतं; म्हणजे वजन पुन्हा तिथेच, जिथे विमान चारशे मीटर धावून झाडांपुढे हात टेकायचं. फरक इतकाच की तेव्हा देल्मो इंजिन बंद करत असे. सरकारी माणूस शेजारी असताना, मालक फुलं घेऊन उभा असताना, तो बंद करणार नाही. तिला तिचा भाऊ माहीत होता.

“तू त्या दिवशी आजारी पड,” ती त्याला म्हणाली.

“आणि नोकरी? बाहेर सहा वैमानिक पाव विकतायत, एर्सी. उद्या त्यातला एक माझ्या जागी बसेल.”

“मग तू सांग त्यांना, विमान उठत नाही म्हणून.”

“का उठत नाही, हे विचारतील. मग काय सांगू? माझ्या बहिणीनं शिजवून खाल्लं?” तो हसला, पण नीट जमलं नाही. “उठेल गं. वारा समोरून असला तर उठेल.”

“आणि नसला तर?”

त्यानं खांदे उडवले. कैदेतून आलेल्या माणसांना ही खोड लागलेली असते. स्वतःच्या मरणाचा विषय निघाला की खांदे उडवायचे, जणू ते दुसऱ्या कोणाच्या पत्त्यावर यायचं आहे.

बुधवारी दुपारी, तपासणीच्या आदल्या दिवशी, ती इंजिनिअरच्या खोलीत गेली. आयुष्यात पहिल्यांदा. तो तक्त्यापुढे उभा राहून सफरचंद सोलत होता.

“साहेब, पोत्यांत तांदूळ नाही,” ती म्हणाली. “अर्ध्याहून जास्त तूस आहे. मी काढला तांदूळ. मार्चपासून.”

बेलिन्झागीनं सालीची लांब पट्टी तुटू न देता सोलणं पूर्ण केलं. “पोत्यांना सील आहे, बाई.”

“सील तोंडाला आहे. मी बाजूनं उसवते.”

“बाजूची शिवण मी स्वतः तपासली आहे. अखंड आहे.”

“ती माझी शिवण आहे म्हणून अखंड आहे.”

तो हसला. दयेनं हसला, तेच वाईट. “एर्सीलियाबाई, तुम्हाला उद्याची भीती वाटते. भाऊ आहे, साहजिक आहे. पण ही रेघ बघा. अकरा आठवडे. असा उतार चोरीनं येत नाही, शास्त्रानं येतो. चोर इतका नियमित नसतो.”

“आमच्या पाळ्या लागलेल्या होत्या, साहेब.”

“पुरे.”

“एकदा पोतं उचलून बघा. नुसतं उचलून. तुम्ही उचलू शकलात तर समजा ऐंशी किलो नाही.”

“मी हमाल नाही,” इंजिनिअर बेलिन्झागी म्हणाला, आणि सफरचंदाची फोड तोंडात टाकली.

ती बाहेर आली. तिला कबुलीजबाबाची भीती वाटली होती, पोलिसांची वाटली होती. चोरी कबूल करूनही कोणी ती घेणार नाही, हे तिच्या ध्यानीमनीही नव्हतं. पंख्याला मारलेला रंधा खोटा ठरण्यापेक्षा दोन माणसं झाडावर आपटलेली त्याला चालणार होती. आणि गंमत म्हणजे त्याला ते स्वतःलाही माहीत नव्हतं. तो वाईट माणूस नव्हता. वाईट माणसाशी बोलता तरी आलं असतं.

गुरुवारी वारा नव्हता. पॉपलरचं एक पान हलत नव्हतं. मैदानावर टेबल मांडलं होतं, त्यावर पांढरं कापड, खारवलेल्या मांसाचे सलामीचे काप, वाईन, आणि नगराध्यक्षांची बायको टोपी घालून. तपासनीस मोटारीतून उतरले तेव्हा मोटार एक वीत वर आली. घामानं डबडबलेला, दक्षिणेकडचा, बारीक डोळ्यांचा माणूस. कोमेंदातोरेंनी त्याला मिठी मारायचा प्रयत्न केला पण हात पुरले नाहीत.

इंजिनिअरनं तक्ता आणला होता. त्यानं वीस मिनिटं रंध्याबद्दल सांगितलं. “भरल्या वजनानं तीनशे मीटरच्या आत,” त्यानं संपवलं. “उजवीकडे हेच पोतं होतं. ऐंशी किलो.”

मोठं पोतं विमानाशेजारी उभं केलेलं होतं, पुरावा म्हणून. देल्मो डाव्या खुर्चीत बसून इंजिन तापवत होता, पंखा फिरत होता. तपासनीसांनी कोट काढून ड्रायव्हरच्या हातात दिला आणि विमानाकडे पहिलं पाऊल टाकलं.

एर्सीलिया बायकांच्या रांगेतून बाहेर आली. तिनं एप्रनच्या खिशातून कात्री काढली, पोत्यापाशी वाकली आणि बाजूची शिवण वरपासून खालपर्यंत कापली.

तूस भसकन बाहेर आलं. पंख्याच्या वाऱ्यानं ते धरलं आणि उधळलं. टेबलावर, सलामीवर, नगराध्यक्षांच्या बायकोच्या टोपीवर, कोमेंदातोरेंच्या काळ्या सुटावर. आत उरलेला तांदूळ जड, तो पायाशीच पडला. देल्मोनं इंजिन बंद केलं. मग इतकी शांतता झाली की कोमेंदातोरे तोंडातलं तूस थुंकले ते सगळ्यांनी ऐकलं.

“हे काय आहे?” तपासनीसांनी विचारलं.

“तांदूळ होता, साहेब,” एर्सीलिया म्हणाली. “आम्ही... मी खाल्ला. लहान पोत्यातलाही धरून सत्तर किलो. काल इंजिनिअरसाहेबांना सांगितलं. त्यांनी विश्वास ठेवला नाही.”

“एकटीनं खाल्लास? सत्तर किलो?”

“भूक चांगली आहे माझी.”

तपासनीसांच्या बारीक डोळ्यांत काहीतरी हललं. ते इंजिनिअरकडे वळले. “या विमानाच्या उजव्या खुर्चीत आजवर जिवंत माणूस कोण बसलाय?”

“त्याची आवश्यकता...”

“तुम्ही बसलायत?”

“माझं काम कागदावर...”

“तुमचं वजन किती?”

“चौऱ्याऐंशी,” इंजिनिअर म्हणाला. आकडा विचारला की खरा सांगायची सवय, तिथे तो अडकला.

“छान. तांदळापेक्षा चारच जास्त. गिरणीतून चाळीस किलोचं नवं पोतं आणा, माझ्यासमोर तोला, मागे ठेवा. आणि बसा तुम्ही. माझी बायको आहे, नातवंडं आहेत. मी इथे उभा राहून बघतो.”

बेलिन्झागीनं कोमेंदातोरेंकडे बघितलं. कोमेंदातोरे बाहीवरचं तूस झटकत होते, त्यात त्यांचं लक्ष फार गुंतलं होतं. मग तो चढला. पट्टा कुठे अडकवायचा हे त्याला ठाऊक नव्हतं, स्वतःच काढलेल्या आराखड्यातला पट्टा. देल्मोनं तो बांधला.

विमान सुटलं. शंभर मीटर, दोनशे, तीनशे. चाकं गवतातच. साडेतीनशेला शेपूट उचललेलं, इंजिन ओरडतंय, झाडं वाढत चाललेली. एर्सीलियानं स्वतःचं मनगट दातांत धरलं होतं. चाकं हातभर उचलली गेली, आणि तेवढ्यात इंजिनाचा आवाज एकदम गेला. विमान धपकन खाली बसलं, गवत फाडत गेलं आणि झाडांपुढच्या पाण्याच्या पाटापासून दहा पावलांवर थांबलं.

तपासनीस चालत गेले. बाकीचे मागून पळाले. बेलिन्झागीच्या दोन्ही हातांच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती, आणि त्या हातांत उजव्या बाजूचा इंजिनाचा दांडा होता, शेवटपर्यंत मागे ओढलेला.

“कोणी बंद केलं?” तपासनीसांनी विचारलं.

“मी नाही,” देल्मो म्हणाला. “मी अजून वाऱ्याची वाट बघत होतो. साहेबांनी मधेच हात घातला.”

तपासनीसांनी वही काढली. “भरल्या वजनानं उड्डाण,” ते लिहिता लिहिता मोठ्यानं म्हणाले, “विमानाच्या रचनाकारानं स्वहस्ते रद्द केलं.” मग ते टेबलाकडे गेले आणि सलामीवरचं तूस फुंकून खायला बसले.

कोमेंदातोरेंनी एर्सीलियाला तिथेच कामावरून हाकललं. “चोर! माझा तांदूळ! एकटीच होतीस का? आणखी कोण होतं?” ते दहा बायकांसमोरून फिरले. नोर्मा बोटातलं अंगुस्तान फिरवून बघत होती, जणू ते आजच मिळालंय. एर्सीलियानं बायकांकडे एकदा बघितलं. गप्प राहा असं तिनंच सकाळी बजावलं होतं. तरी एखादीनं ऐकलं नसतं तर बरं वाटलं असतं.

रविवारी दुपारी देल्मो घरी आला. तीन दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता. त्यानं टेबलावर एक टंकलिखित कागद ठेवला.

“मी नेलं असतं वर,” तो म्हणाला.

“हो. स्वर्गापर्यंत.”

“सगळ्यांसमोर केलंस. माझी लाज...”

“लाज वाटायला माणूस जिवंत लागतो. हे काय आणलंस?”

ती सावकाश वाचत गेली, बोट ओळीखाली सरकवत. रोमच्या अहवालात पोती हलकी का झाली या कारणाचा रकाना रिकामा होता, ते कारखान्यानं मुकादमबाईंच्या सहीनिशी लेखी कळवायचं होतं. कागदावर लिहिलं होतं की पोत्यांतला तांदूळ उंदरांनी खाल्ला, आणि शिवणाच्या मुकादमबाईंना हे वेळीच लक्षात आलं याबद्दल कारखाना त्यांचा आभारी आहे. खाली सही करून तिनं सोमवारपासून कामावर यावं, असंही होतं.

“उंदीर,” ती म्हणाली.

“इंजिनिअरचं म्हणणं, बायकांनी फसवलं हे छापून आलं तर त्याचं नाव जाईल. उंदरांनी फसवलं तर शास्त्रज्ञ म्हणून चालतं.”

“तूस भरून शिवण परत घालणारे उंदीर. दुहेरी दोऱ्यानं.” ती हसायला लागली आणि देल्मोलाही आवरेना. दोघं टेबलावर हात आपटत हसली, शेजारीण खिडकीत येईपर्यंत.

मग तिनं डोळे पुसले, पेन्सिल ओली केली आणि कागदाच्या तळाला, सहीच्या जागेच्या वर, तिच्या मोठ्या वाकड्या अक्षरांत एक ओळ लिहिली: यापुढे हे विमान जेव्हा जेव्हा तपासायला उडेल, तेव्हा उजव्या खुर्चीत इंजिनिअर बेलिन्झागी स्वतः बसतील. त्याखाली तिनं सही केली.

“त्याची सही आधी आण,” ती म्हणाली. “मग उंदीर म्हण नाहीतर घुशी म्हण.”

“तो नाही करणार.”

“मग नाही येत मी. आणि तूही बसायचं नाहीस त्यात.”

कागद परत यायला पाच दिवस लागले. पहिल्या दिवशी बेलिन्झागीनं तो फेकून दिला, असं सुतारानं सांगितलं. दुसऱ्या दिवशी कचऱ्यातून काढला. तिसऱ्या दिवशी त्यानं खोलीचं दार आतून लावून घेतलं आणि जेवायलाही बाहेर आला नाही. भिंतीवरचा तक्ता खाली उतरवलेला दिसला. पाचव्या दिवशी देल्मो सही झालेला कागद घेऊन आला, आणि कागदाबरोबर पंखाचं नवं रेखाटन होतं, बायकांनी कापड किती घ्यायचं ते कळावं म्हणून.

“सुतार म्हणत होता, पंख मीटरभर वाढवला तर विमान भरल्या वजनानं उठेल,” देल्मो म्हणाला.

एर्सीलियानं रेखाटन टेबलावर पसरलं आणि शिवणाच्या फितीनं मापलं. मग पुन्हा मापलं.

इंजिनिअरनं दीड मीटर वाढवला होता.